दोन हातांची काठी

"जरा हात देता का? म्हणजे... दोन्ही लागतील."

नदीवरून वर येणाऱ्या पायवाटेवर तो उभा होता. बारीक पाऊस पडत होता, त्याच्या टोपीवरून पाणी नाकावर ठिबकत होतं, आणि हातात होती गळाची एक अवाढव्य लांब काठी. आमच्या तुरांगी गावात तेव्हा सगळे एका हाताने फेकायची आखूड काठी वापरायचे. ही दोन्ही हातांनी धरायची. तिचे तुकडे सांध्यात घट्ट अडकून बसले होते.

पापांच्या दुकानात काठ्या आणि रिळं मीच दुरुस्त करायची, त्यामुळे अडकलेला सांधा मला नवा नव्हता. मी त्याच्या समोर उभी राहिले.

"तुमचा एक हात सांध्याच्या इकडे, एक तिकडे. माझेही तसेच. पिळायचं नाही, सरळ ओढायचं."

चार हात एकाच काठीवर. त्याची बोटं गारठून लाल झाली होती.

"ओढा ना," मी म्हटलं.

"ओढतो की... तुमचे हात गरम आहेत. मला घाई नाही."

मीच जोर लावला. सांधा टक् करून सुटला आणि तो तोल जाऊन मागच्या नेच्यांच्या झुडपांत बसला. मला हसू आवरेना. तोही तिथे बसल्या बसल्याच हसत राहिला.

त्याचं नाव स्ट्रुअन. देशाच्या पार दक्षिण टोकाच्या मटौरा गावचा. आमच्या पुलाची डागडुजी करणाऱ्या तुकडीबरोबर हिवाळ्यापुरता आला होता.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर.

"सांध्याला मेण लावत नाही तुम्ही?" मी विचारलं. "साधं मेणबत्तीचं चालतं. आणि ही दोरी... शेवटची कधी धुतली होती?"

"धुवायची असते?"

मी कोमट पाण्यात साबण कालवला, दोरी त्यात बुडवली आणि त्याच्या हातात कोरडं फडकं दिलं. त्याने फडक्यात दोरी धरायची, मी ती रिळावर गुंडाळायची. सुरुवातीला तो दाराशी होता. दोरी सरत गेली तसा तो एकेक पाऊल पुढे येत गेला... शेवटी माझ्या टेबलालाच टेकला.

"मेरेआना, दोरी धुताय की विणताय?" गल्ल्यावरून पापांनी विचारलं.

पापांचा खांदा गेल्यापासून ते नदीत उतरले नव्हते. हात डोक्यावर जाईना, मग गळ फेकणार कसा? माशांचं बोलणं निघालं की ते उठून आत जायचे. पण स्ट्रुअनने त्यांना सोडलं नाही.

"या काठीला खांदा वर न्यावा लागत नाही, काका. अर्धं काम पाणीच करतं."

"माझ्या नदीवर येऊन मला शिकवतोस, दक्षिणेतल्या पोरा?"

असं म्हणाले खरे, पण त्या रविवारी ते मांडीभर पाण्यात उभे होते. त्यांनी काठी छातीशी धरून अंग वळवलं. दोरी पाण्यावरून उठली, बाजूला एक वेटोळं घेऊन पलीकडच्या काठाकडे सुटली. मग प्रवाहाने गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्याखालून हळूहळू, कमानीसारखी, आमच्या काठाकडे वाहत आणली. मग प्रवाहाच्या खालच्या अंगाला एक पाऊल... पुन्हा तेच. पापा नुसते नाक पुसत राहिले. मी मान फिरवली, तर स्ट्रुअन माझ्याकडेच बघत होता.

त्यानंतरचे दिवस कसे गेले कळलं नाही. मानुकाच्या लाकडाच्या धुरावर शिजवलेला ट्राउट मासा, तळलेला पाव, शेगडीपाशी वाळत घातलेले आम्हा तिघांचे मोजे... आणि एक दिवस पुलाचं काम पुरं झालं.

निघायच्या आदल्या सकाळी तो पॉप्लरच्या झाडांखालच्या डोहात गळ टाकत होता. मी पाण्यात उतरून त्याच्या शेजारी उभी राहिले.

"उद्या निघतो," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"माहीत आहे. सगळ्या गावाला सांगितलंस. मला सोडून."

"तुला सांगायला... जमत नव्हतं."

"आणि विचारायला?"

"पापांना सोडून तू येणार नाहीस. मग विचारून तुला कशाला—"

"म्हणजे माझं उत्तरही तूच देऊन टाकलंस."

दोरी संथपणे वळत होती. माझे पाय गारठले होते.

"मी नाहीच येणार, स्ट्रुअन. तूच राहा. मला तू हवा आहेस... इथे."

नेमकी तेव्हाच दोरी ताणली गेली. अशा वेळी काठी हलवायची नसते, माशाला वळू द्यायचं असतं. स्ट्रुअनने मात्र दचकून ती वर उचलली. पाण्यात काहीतरी रुपेरी चमकलं आणि दोरी सैल पडली.

"गेला," मी म्हटलं. "मोठा होता."

"जाऊ दे. परत म्हण."

"मासा गेला."

"त्याच्या आधीचं..."

मी परत म्हटलं. तो ऐकत राहिला, आणि काठी तशीच प्रवाहात लोंबत राहिली.

ठरल्याप्रमाणे तो गेला. इथेच राहणार हे आईवडिलांना समोर बसून सांगायला हवं, म्हणाला. घरच्या मेंढ्या त्याच्या बहिणीने सांभाळायला घेतल्या, आणि वसंतात नदीकाठची कोवाईची झाडं पिवळीधमक फुलली होती तेव्हा तो बसमधून उतरला. पापांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि काही न विचारता घरी नेऊन ठेवली.

पापा त्यानंतर पुष्कळ हिवाळे नदीत उभे राहिले. आता ते नाहीत. तो डोहही नाही. एका पुरात नदीने वाट बदलली, तिथे आता नुसते गोटे आहेत. आम्ही कधीकधी संध्याकाळचे तिकडे जातो आणि त्या दिवशी नेमके कुठे उभे होतो यावर भांडतो. तो म्हणतो, त्या काळ्या खडकापाशी. मी म्हणते, छे, बरंच खाली. मग हात धरून दोन्हीकडे थोडा थोडा वेळ उभे राहतो.