दोन कार्बन गेले कुठं?

"ताई, विहीर उकळून राहिली!" सेवा धापा टाकत आला.

"काहून? तळाला चूल पेटवली का कुणी?" शितलनं नववीचं पुस्तक बाजूला टाकलं.

दिवाळीची सुटी, पण तांड्यात ना फटाका, ना भांडण! आई-बापूंसकट सगळे ऊसतोडीला गेलेले. या दोघा भावंडांना दिवसातून एकदा हाक मारायचे ते फक्त शेजारच्या शेताचे तातेकाका.

त्यांच्याच पडक्या विहिरीत बुडबुडे येत होते. कडेला पांढरा चिखल आणि लसणासारखा वास! काठावर रिकामा डबा: कॅल्शियम कार्बाइड.

"सकाळी उकंडराव वेल्डिंगवाल्यानं खराब माल म्हणून ओतला," सेवा म्हणाला.

शितलनं काडीनं मातीत लिहिलं: CaC₂ + H₂O → Ca(OH)₂.

"पांढरं दिसतंय तो चुना. जमलं!"

"कुठं जमलं?" सेवानं अक्षरं मोजली. "डावीकडं दोन C, उजवीकडं एक बी न्हाई. पळाले का काय?"

शितल चपापली. ऑक्सिजन जुळवायला तिनं पाणी दुप्पट केलं. आता उजवीकडं दोन कार्बन, दोन हायड्रोजन कमी! तिनं पुढं जोडलं: + C₂H₂.

"सेवा, हा तर ॲसिटिलिन! वेल्डिंगचा गॅस! भडकतो!"

तेवढ्यात तातेकाका दोर आणि पेटता कंदील घेऊन आले. "सरका रे! गाळ काढायला उतरायचंय. आधी कंदील सोडतो. विझला तर हवा वाईट."

"काका, हा विझणार न्हाई, विहीरच भडकवणार!"

"चल! बापजाद्यापासून असंच करून राहिलो आमी." काका कंदिलाला दोर बांधू लागले.

"काका, पायापाशी साप!" सेवा किंचाळला.

काकांनी अशी उडी मारली की धोतराचा सोगा सुटला! शितलनं कंदील हिसकावला आणि पार बांधापलीकडं धूम ठोकली.

"साप कुठंय रे, लबाडा?"

"उकंडरावाला विचारा!"

बोलावलेला उकंडराव विहिरीत डोकावला आणि पांढराफटक पडला. "मला वाटलं, पाण्यात विरून जाईल..."

"मी विरलो असतो ना, बाबा!" काका तडकले. मग उकंडरावालाच काटेरी कुंपण घालायला लावलं.

संध्याकाळी गोरेगावच्या एसटीडीवरून काका साखर कारखान्यावरच्या फोनवर ओरडत होते, "देविदास! तुझ्या लेकरांनी माझा जीव वाचवला! लई हुशार पोरगी हाय!"

शितलनं फोन घेतला. पलीकडं नुसता नाक ओढल्याचा आवाज.

"बापू, रडून राहिले का?"

"न्हाई गं. उसाचं पाचट गेलं डोळ्यात."

इकडं तर पाचटाची काडीही नव्हती. शितलनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "माझ्या बी."