मॅग्नसचा दोर

समुद्रात तरंगणारा, दिवा विझलेला बोया. गळ्यात जाळं रुतलेला सील. बेटावरच्या आजीबाईंचं इन्शुलिन. बादलीत तोंड घातलेला अनिश.

स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांच्या उत्तरेला फिरणाऱ्या ‘टर्न’ या गस्ती जहाजाचं हे एका दिवसाचं काम. बादली सोडून! अनिश रडार दुरुस्त करायला स्लाऊहून आला होता. रडार बरं झालं, तो आजारी पडला.

“निधी, तू कॉव्हेंट्रीची,” बादलीतून मान वर काढत तो म्हणाला. “तिथे कॅनॉलशिवाय पाणी नाही. हे वेड कुठून आलं तुला?”

“बोलू नकोस, अजून उलटी येईल,” जहाजावरची अधिकारी निधी म्हणाली.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. मासेमारीची बोट, इंजिन बंद, वारा तिला खडकांकडे ढकलतोय. बोटीवर म्हातारा मॅग्नस आणि त्याची बायको इंगा. एवढ्या उथळ पाण्यात ‘टर्न’ शिरणं शक्य नव्हतं. जहाजाच्या दोराचं टोक रबरी होडीत घेऊन निधी निघाली, सोबत एक खलाशी.

“हा दोर बांधा!”

“नको!” मॅग्नस ओरडला. “दुसऱ्याचा दोर बांधला की बोट त्याची. आज्यापासून चालत आलंय. हा घे माझा!”

“तुमची बोट कोणाला हवीय?”

“घे की तिचा दोर, हट्टी बोकडा!” इंगा कडाडली.

खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा फेस निधीच्या तोंडावर येत होता. वाद घालायला सवड नव्हती. मॅग्नसचा दोर झिजलेला होता. ते दिसूनही तिने तो झेलला आणि जहाजाच्या दोराला जोडला. ‘टर्न’ने ओढ घेतली. दोर ताणला. बोट हलली. वळली!

तड्!

तुटलेलं टोक निधीच्या डोक्यावरून सणसणत गेलं.

“दे! तुझा दोर दे आता!” मॅग्नस ओरडत होता.

जहाजाचा दोर परत ओढून आणेपर्यंत बोट खडकांना लागली असती. बोट की माणसं?

“आता दोर नाही! उडी मारा!”

निधीने होडी बोटीला भिडवली. इंगा उतरली. मॅग्नस सुकाणू धरून उभाच.

“मी एकटी घरी जायची नाही,” इंगा म्हणाली. ओरडली नाही, नुसती म्हणाली.

लाट आली. होडी वर उचलली गेली. मॅग्नसने सुकाणू सोडलं. उडी! खलाशाने त्याची कॉलर धरली आणि निधीने होडी गर्रकन फिरवली. मागे लाकूड फुटल्याचा आवाज झाला. कोणीही वळून पाहिलं नाही.

जहाजावर अनिशने स्वतःचा कोट काढून म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकला.

ख्रिसमसला भेट मिळालेला नवा दोर घरी मॅग्नसच्या शेडमध्ये तेव्हापासून वेष्टनातच पडून होता.