जुळेपर्यंत

रविवारी दुपारी दादा आला तेव्हा माझं नेहमीचंच काम चाललं होतं. घरातल्या सीडी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि मग हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर निवांत ऐकायच्या, हा माझा छंद. पद्धत ठरलेली. प्रत्येक गाणं कॉम्प्युटरनं दोनदा वाचायचं. दोन्ही वाचनं तंतोतंत जुळली तरच ते ठेवायचं. नाही जुळली, तर जुळेपर्यंत वाचत राहायचं.

"तुझा कारखाना चालूच का अजून?" म्हणत दादानं खिशातून रुमालात गुंडाळलेली सीडी काढली. "ही उतरवून दे. वरचा पापुद्रा सुटायला लागलाय. ही गेली की संपलं."

मला कळलं. आजारपणाच्या आधी वहिनीनं घरीच गाऊन रेकॉर्ड केलेलं ते गाणं. दुसरी प्रत नव्हती. फुप्फुसांच्या दुखण्यानं वहिनी गेली, तेव्हापासून दादा एकटाच राहतो.

मी सीडी आत सरकवली. ड्राइव्ह गुरगुरला. दोन वाचनं झाली. जुळली नाहीत.

"ओरखडा असेल," म्हणत मी दोन्ही लागोपाठ स्पीकरवर लावली. पहिल्यात वहिनीचा आवाज स्वच्छ, मोकळा. दुसऱ्यात एका ओळीच्या मध्येच तिनं श्वास घेतला आणि दादा खुर्चीत पुढं सरकला.

"इथं ती श्वास घेत नाही."

"म्हणजे?"

"ही ओळ ती एका दमात म्हणते. मला नको सांगूस."

ओरखड्यानं टकटक होते, आवाज तुटतो. नसलेला श्वास त्यात येत नाही. पण माझी खोड जाते कुठं! जुळेपर्यंत वाचायला लावून मी चहा ठेवायला आत गेलो.

परत आलो तर खोलीत तापलेल्या प्लॅस्टिकचा वास होता. त्याच्या खाली दुसरा, औषधांचा, दिवसचे दिवस खिडकी न उघडलेल्या खोलीचा. ड्राइव्ह थांबायचं नाव घेत नव्हता. मी सगळ्यात ताजं वाचन लावलं. सूर उतरला होता. प्रत्येक ओळीमागं धाप होती...

"थांबव," दादा कुजबुजला. "अरे, यंत्र वाचत नाहीये... दर वेळी तिला गायला लावतोयस तू."

गाणं अर्ध्यातच थांबलं. काही क्षण नुसती घरघर. मग अगदी जवळून, थकलेला आवाज आला.

"भावोजी... पुरे ना आता."

मी सीडी काढायला धावलो. बटण दाबलं, ट्रे उघडेना. आत सीडी फिरतच होती. शेवटी बारीक भोकात टाचणी खुपसून मी ट्रे बाहेर ओढला.

दादानं माझं मनगट धरलं. "लाव पुन्हा."

"दादा, तिला त्रास होतोय..."

"मी इथं बसलोय ना? मला एक शब्द बोलली नाही. तुझ्याशी बोलली! एकदाच लाव."

मी हात सोडवून घेतला आणि सीडी गुडघ्यावर मोडली.

"सुटली ती," मी म्हणालो. "पहिलं वाचन चांगलं आहे. ते देतो तुला."

तो तसाच निघून गेला.

दिवेलागणीला त्याचा फोन आला. आवाज दबका, पण कित्येक महिन्यांत नव्हता इतका खुशीत.

"रागावलो नाही हं तुझ्यावर. मोडलीस ते बरंच केलंस."

"दादा, ते गाणं मी पेनड्राइव्हवर..."

"हळू बोल. आत्ता कुठं टेकलीय जरा."

त्याच्यामागं कुणीतरी धापा टाकत होतं. फोन कानापासून लांब धरला, तरी ऐकू येत होतं.

"पाणी मागतेय रे," दादा म्हणाला. "पण माझ्या हातचं नको म्हणते... येतोस ना?"