फुटाण्याचं दार

"तू कोण?"

फुटाण्याच्या गळ्यातल्या पट्ट्यातून आवाज आला आणि शाल्मली जागच्या जागी थिजली. तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. म्हणजे हा प्रश्न तिलाच होता! ज्या कुत्र्याच्या पाठीला धरून ती चालायला शिकली, तो तिला विचारतोय, तू कोण?

"आबा! तुमचा पट्टा पुन्हा बिघडला!"

हा पट्टा काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं. शाल्मलीचे आबा, म्हणजे आईचे वडील, प्राण्यांच्या आवाजाचे शास्त्रज्ञ. त्यांनी हा बोलपट्टा बनवला होता. कुत्र्याचं भुंकणं, श्वास, हृदयाचे ठोके असं सगळं त्यातले संवेदक (बदल टिपणारे बारीक भाग) टिपत आणि त्यावरून अंदाज बांधून पट्टा दोन-चार शब्द बोले. इतकी वर्षं फुटाण्याची भाषणं ठरलेली होती. "भूक." "फिरायला." आणि शाळेची नाव धक्क्याला लागली रे लागली की, "शालू आली!"

आणि आता हे! बरं, एवढ्यावर थांबतं तरी बरं. हल्ली तो दिवसभर झोपे आणि रात्री घरभर येरझाऱ्या घाली. जन्मात घरात शू न केलेला शहाणा कुत्रा, त्यानं गालिचा भिजवला. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारच्या कोऱ्या भिंतीला नाक लावून तो उभा राही आणि पट्टा म्हणे, "दार उघडा." भिंतीत कुठलं आलंय दार! काल तर कहर झाला. शाल्मलीनं मागून येऊन त्याला मिठी मारली आणि त्यानं गुरकावून तिच्या मनगटाला दात लावले. रक्त आलं नाही, पण आईचा धीर सुटला.

"रविवारपर्यंत बघते," आई म्हणाली. "नाहीतर त्याला किनाऱ्यावरच्या प्राणीनिवासात ठेवायचं. तुला चावला तर मी काय करू गं? माझा जीव टांगणीला लागलाय."

शाल्मलीला काही सुधरेना. फुटाणा रुसलाय का? आपलंच काही चुकलं का? कालपर्यंतचा फुटाणा गेला कुठे?

आबा मात्र पट्ट्याच्या मागे हात धुऊन लागले होते. तारा तपासल्या, संवेदक बदलले. शेवटी कोरा करकरीत नवा पट्टा आणून घातला. नवा पट्टा म्हणाला, "तू कोण?"

"अरेच्चा!" आबांनी डोकं खाजवलं.

"आबा," शाल्मली म्हणाली, "हा पट्टा शेजारच्या पिल्लाला घालून बघू या का? पट्टा बिघडला असेल तर तिथंही भलतंच बोलेल."

शेजारचं पिल्लू वाडग्याकडे धावलं आणि पट्टा म्हणाला, "भूक." मालकीण दिसताच म्हणाला, "आई!" एकही चूक नाही. आबांनी पट्टा काढून हातात घेतला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गं मी. पट्टा बिचारा खरं तेच सांगत होता. फुटाण्याला खरंच काहीतरी होतंय, आणि मी त्याच्याकडे बघायचं सोडून तारा जोडत बसलो."

शाल्मलीला वाटलं, पट्टा बिघडलेला असता तर किती बरं झालं असतं!

दुपारी प्राण्यांच्या डॉक्टर साखळकर नावेतून आल्या. त्यांनी फुटाण्याचे दात, डोळे, कान, सांधे बघितले, रक्त तपासलं.

"आधी दुखणं शोधायचं," त्या म्हणाल्या. "कुत्रा बोलून दाखवत नाही, वागून दाखवतो. मूत्रपिंडं बिघडली, दात दुखला, नजर गेली, तरी तो असाच विचित्र वागू शकतो. म्हातारा झालाय, चालायचंच, असं म्हणून बसायचं नाही. वागणं बदललं की डॉक्टर गाठायचा."

"मग याला काय झालंय?"

"तीन गोष्टी. याच्या कमरेत सांधेवात आहे. ऐकू जवळजवळ येत नाही. आता सांग, कमर ठणकतेय, पाऊल ऐकू येत नाही आणि मागून कुणीतरी गच्च धरलं, तर तू काय करशील?"

"किंचाळेन," शाल्मली हळूच म्हणाली.

"तो तसाच किंचाळला, दातांनी. आणि तिसरं म्हणजे बोधक्षय (शिकलेलं आठवण्याची, ओळखण्याची ताकद हळूहळू कमी होणं). मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत निरोप धाडत असतात. म्हातारपणी काही कुत्र्यांच्या मेंदूत चिकट प्रथिनांची पुटं चढतात, काही पेशी मरतात आणि निरोप वाटेतच हरवतात. कधी तू त्याला आठवतेस, कधी नाही. तो रुसलेला नाही, गोंधळलाय."

"बरा होईल?"

डॉक्टरांनी थाप मारली नाही. "पूर्ण नाही होणार. पण औषधानं दुखणं कमी होईल, आणि त्याचा गोंधळ तुम्ही कमी करू शकता. समोरून जायचं, आधी हात हुंगू द्यायचा. रात्री मंद दिवा ठेवायचा. जेवण, फिरणं ठरल्या वेळी. आणि मुख्य म्हणजे घरातल्या वस्तूंच्या जागा बदलायच्या नाहीत."

"आम्ही कुठं काय बदलतो?" आबा म्हणाले.

तेवढ्यात घरघर झाली आणि दार सरकत पुढं गेलं. शाल्मलीचे डोळे विस्फारले.

"आबा! दार!"

सांगायचं राहिलंच. ही वसाहत धरणाच्या पाण्यावर तरंगणारी. तिथल्या घरांची जमीन जागेवर असे, पण छत आणि बाहेरची गोल भिंत सूर्यामागे फिरे, सौर पत्र्यांना ऊन मिळावं म्हणून. त्यामुळे दार सकाळी ओट्याशेजारी, तर संध्याकाळी पलंगापाशी! सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पूर्वी फुटाणा दारामागोमाग जाई, आता त्याला फक्त सकाळचं दार आठवत होतं. दुपारी तो तिथं जाई, आणि तिथं भिंत! मग गालिचा भिजेल नाहीतर काय होईल?

रविवार उजाडला. आईनं फुटाण्याची पिशवी भरून ठेवली होती. शाल्मली समोरून गेली, गुडघ्यांवर बसली आणि हात पुढं केला.

"तू कोण?"

तिनं हात हलवला नाही. फुटाण्यानं हुंगलं. बोटं, तळवा, मग दात लागलेलं ते मनगट. शेपटी एकदा हलली. पट्टा गप्पच होता. फुटाण्यानं डोकं तिच्या तळव्यात ठेवलं.

आईनं पिशवी रिकामी करून फळीवर ठेवली आणि ओट्याशेजारी दार असतानाच घर फिरवण्याची कळ बंद केली. वीज कमी पडणार होती. फिरायचं थांबलेल्या घराला वसाहतीत 'निजलेलं घर' म्हणून हसत, तेही तिला ठाऊक होतं.

"काय हो, घर निजलं का तुमचं?" दुपारी शेजारच्या काकूंनी विचारलंच.

"निजलं नाही, थांबलंय," आई म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्याला दार सापडावं म्हणून."

आबांनी नव्या पट्ट्याचं काम काढलं होतं. झोप, चाल, सवयी बदलायला लागल्या की घरच्यांना वेळेत सांगणारा पट्टा. "काहीतरी बिघडलंय असं तो पट्टा म्हणाला, की आधी कुत्र्याकडे बघायचं," ते स्वतःलाच बजावत होते.

संध्याकाळी फुटाणा उठला. लंगडत ओट्यापाशी गेला आणि नेहमीच्या जागी थांबला.

"दार उघडा," पट्टा म्हणाला.

शाल्मलीनं दार उघडलं.