चौथ्यांदा भरलेला खड्डा

दुपारच्या सरीत चिंब भिजलेला शिल्पकार फेर्मिन ओतकामाच्या कारखान्यात धावत शिरला, तो थेट ग्रिसेलच्या टेबलावरच आदळला! छातीशी मेणाची मूर्ती धरलेली... शाल पांघरून बसलेली बाई.

"माफ करा... हिला लागलं नाही ना?"

"मला लागलं, त्याचं काय?" म्हणत ग्रिसेल खळखळून हसली. तो बघतच राहिला.

ब्राँझ ओतण्याआधी मेणातले बुडबुडे, खड्डे भरायचे, हे तिचं काम. पण या बाईच्या डाव्या गालावरचा खड्डा भलताच चिवट निघाला. सोमवारी भरला, मंगळवारी पुन्हा हजर! तीनदा भरला, तीनदा उगवला. त्यात फेर्मिन रोज यायचा, मूर्ती सोडून तिच्याकडेच बघायचा, आणि तिने मान वर केली की — खिडकीकडे! याच्या मनात आहे तरी काय? ग्रिसेलला जेवण गोड लागेना.

शुक्रवारी कारखान्याचे एलिहिओ मास्तर ओरडले, "तासाभरात साच्याचा लेप चढवतोय!" लेप चढला की भट्टीत मेण वितळणार, मेणाचं काम संपणार, आणि फेर्मिन दूर आपल्या गावी, वाहाकाला परतणार. रागारागाने ग्रिसेलने तो खड्डा चौथ्यांदा भरला.

"पुन्हा भरलात?" फेर्मिन धापा टाकत आला.

"मग? दोष आहे तो!"

"दोष नाही..."

"बरं, ही शाल म्हणजे काय?"

"जमीन."

"मिटलेली मूठ?"

"पेरणीचं बी."

"अनवाणी पाय?"

"आपली माणसं."

"आणि खड्डा?"

त्याचे कान लाल झाले. "त्याला... काही अर्थ नाही. ती खळी आहे, मीच पुन्हा पुन्हा कोरलेली. तुमची."

ग्रिसेलचा हात गालावर गेला. हसावं की भांडावं, कळेना. डोळे मात्र भरून आले.

"मला न विचारता?"

"रोज विचारणार होतो..."

"बाईची तुम्ही जमीन करता, देश करता. माझं काय करणार?"

"काही नाही. तू ग्रिसेलच राहा... फक्त माझ्याजवळ. मला तू फार आवडतेस गं."

तिने कोरणी त्याच्या हातात ठेवली. "कोर मग. पण नीट बघून."

"हसल्याशिवाय दिसत नाही ती."

"रडतेय मी, दिसत नाही का, वेड्या!" म्हणता म्हणता तिला हसू फुटलंच.

"झालं का रे?" मास्तर लेपाची बादली घेऊन दारात उभे.

"थांबा, मास्तर," फेर्मिन तिच्यावरची नजर न हलवता म्हणाला, "अजून बघून झालं नाही."