दोन दिवस दार उघडू नका

"मी चोर नाही हो वहिनी. मी रबर बसवतो," असं म्हणून मिस्त्री खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले.

या वहिनी म्हणजे खासगी गुप्तहेर. सगळं गाव त्यांना वहिनी म्हणतं, तेव्हा आपणही म्हणू. नात्याने त्या वहिनी फक्त एकाच माणसाच्या, शेजारी वही घेऊन बसलेल्या दिराच्या. हे भावजी पोस्टातून निवृत्त झाले आणि वहिनींच्या मदतीला आले. मदत नेमकी काय करायची, हे ते अजून शोधताहेत.

"पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांची पन्नास वर्षांची गाडी. काचांभोवतीची रबरं वाळून तडकली होती, ती मिस्त्रींनी नवी बसवली. शेवटची, मागची छोटी काच सोमवारी संध्याकाळी बसली. मग त्यांनी गाडीला कुलूप लावलं आणि एकुलती एक किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"तुमच्या खिशात का?"

"पद्धत आहे माझी. गोंद पुरता धरेपर्यंत दोन दिवस दार उघडायचं नाही. दार आपटलं की आतली हवा काचेला ढकलते, रबर सुटतं. आणि मालकाकडे किल्ली दिली की मालकाला राहवत नाही."

"आणि बुधवारी?"

"मीच कुलूप उघडलं. मास्तरांनी गाडीतल्या टेपमध्ये हात घातला, तर कॅसेट गायब! सोमवारी त्यांनी ती माझ्यासमोर ऐकली होती. त्यांच्या वारलेल्या बायकोचा आवाज आहे तिच्यात. दुसरी प्रत नाही." मिस्त्री बोटांवर मोजू लागले. "काच फुटलेली नाही, कुलूप तुटलेलं नाही, किल्ली माझ्याकडे. मास्तर म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नका. चाळीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं."

भावजींनी वहीत लिहिलं: चोर मिस्त्रीच. मग त्यांना वाटलं, चोर स्वतःच्या पायांनी इथे कशाला येईल? त्यांनी ते खोडलं. मग खोडलेलं परत लिहिलं.

"रबर बसवता कसं, तेही सांगा," वहिनी म्हणाल्या.

"रबराला आणि पत्र्याला, दोन्हींना गोंद लावायचा. दहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबायचं. ओला दाबला तर आतल्या आत तसाच राहतो. रबराच्या खाचेत दोरी घालायची, कडेला साबणाचं पाणी लावायचं. एकाने बाहेरून काच दाबायची, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढते. आणि रबर ताणायचं नाही, मागाहून आकसतं. मी तर अंगठाभर जास्तच ठेवतो आणि दोन्ही टोकं एकमेकांत दाबून बसवतो. सुरुवातीला तिथे जरा टेंगूळ दिसतं, दिसू दे."

"कापता कशाने?"

"करवतीच्या पात्याने."

भावजींनी लिहिलं: दोरी, करवत. आणि ते घाबरले.

गुरुवारी दुपारी तिघं मास्तरांकडे पोहोचले. मिस्त्री मात्र फाटकाबाहेरच थांबले.

मास्तर गॅरेजमध्ये गाडीजवळ उभे होते. "मला कुणाला शिक्षा करायची नाही. तिचा आवाज तेवढा मिळवून द्या. तो आता नुसता आठवून आठवत नाही हो, वहिनी."

गाडीला पॉलिश करणारा रंगारी फडकं झटकत पुढे आला. "माझं आणि मिस्त्रींचं भांडण आहे. त्यांच्या गोंदाचा थेंब पडला की माझा रंग गेला! पण चोरी? छे, तो माणूस तसा नाही."

"काच बसवताना तुम्ही हात लावला होता?"

"मी? मला ते रबराजवळ फिरकू देत नाहीत, हाताला पॉलिश असतं ना. दोरी ओढली डॉक्टरांनी. मंगळवारी मी आलोच नव्हतो."

डॉक्टर म्हणजे मास्तरांचा मुलगा, दातांचा. तो तेवढ्यात जेवायला घरी आला. भावजींचं तोंड गोंधळून उघडंच होतं.

"काका, तुमच्या डाव्या दाढेतलं सिमेंट वर आलंय," तो म्हणाला. "दवाखान्यात या, सपाट करून देतो. काही वर आलेलं दिसलं की मला चैन पडत नाही."

भावजींनी तोंड मिटलं.

"कॅसेटबद्दल काय वाटतं?" वहिनींनी विचारलं.

"बाबांना शंभरदा सांगितलं, तो टेप जुना झालाय, एक दिवस कॅसेट खाईल. प्रत करून घेऊ. पण ते हात लावू देतील तर शपथ!"

वहिनी एकेका काचेपाशी थांबून रबरावरून नख फिरवत गेल्या. मागच्या छोट्या काचेशी त्या वाकल्या. तिथे रबराच्या दोन टोकांत बोट जाईल एवढी फट होती. कापलेलं टोक गुळगुळीत होतं. आणि नख चिकट होऊन बाहेर आलं.

"भावजी, मिस्त्रींना आत बोलवा."

"म्हणजे चोर सापडला? रंगारी ना?"

"तुम्ही बोलवा तर खरं."

मिस्त्री आले आणि त्यांची नजर थेट फटीवर गेली. "अरेरे! हे माझं काम नाही!"

"नाहीच," वहिनी म्हणाल्या. "बाकीच्या सगळ्या जोडांवर टेंगूळ आहे, टोकं करवतीने कापलेली, खरबरीत. इथे फट आहे आणि टोक बारीक पात्याने कापलंय. म्हणजे ही काच कुणीतरी काढून परत बसवली. काढली की आत हात घालून दार उघडता येतं. जाताना आतला खटका दाबून दार लावलं की किल्लीशिवाय कुलूप लागतं."

"पण मग फट कशी पडली?" भावजी म्हणाले.

"तो एकटा होता. बाहेरून काच दाबायला कुणी नाही, म्हणून रबर ताणून ताणून बसवलं. ताणलेलं रबर लांब झालं, टोक वर आलं. मिस्त्रींनी ते दाबून आत घातलं असतं. याने कापून सपाट केलं. मग रबर आकसलं आणि फट उघडी पडली. घाईत गोंद ओलाच दाबला, म्हणून तो अजून ओला आहे. दोरीचं काम पाहिलेला, बारीक पातं जवळ बाळगणारा, मंगळवारी रिकाम्या गॅरेजमध्ये दुपारी येऊ शकणारा, आणि काही वर आलेलं दिसलं की चैन न पडणारा माणूस इथे एकच आहे."

भावजी अजून रंगाऱ्याकडेच बघत होते. बाकी सगळे डॉक्टरकडे.

डॉक्टर खाली बसला. "मला फक्त प्रत करायची होती, बाबा. तुमच्या वाढदिवसाला द्यायची होती. रातोरात काच पुन्हा काढून ती परत ठेवणार होतो. पण दवाखान्यात लावली आणि फीत तुटली. चिमट्याने जोडली, पण लावून बघायचा धीर होईना. तेवढ्यात तुम्ही मिस्त्रींना नको ते बोललात, आणि मला तोंडच उघडता आलं नाही." त्याने खिशातून कॅसेट काढली. "मिस्त्री, माझ्यामुळे तुम्हाला ऐकावं लागलं. मला लाज वाटते."

मास्तर कॅसेट घेऊन गाडीत बसले आणि त्यांनी ती लावली. खरखर. मग जोडलेल्या जागी एक झटका. आणि एक हसरा आवाज: "अहो, काच वर करा की! वारा कानात जातोय."

काच वरच होती. तरी मास्तरांनी तिची मूठ धरली आणि नेटाने फिरवून पाहिली.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. कॅसेट टेपमध्येच होती. त्यांनी दार हलकेच लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली मिस्त्रींच्या हातात ठेवली.

"ती छोटी काच पुन्हा बसवा. आणि तुमचे ते दोन दिवस किल्ली तुमच्याकडेच राहू द्या."

"पण मास्तर, कॅसेट आत आहे."

"हो, माहीत आहे," मास्तर म्हणाले.