परीक्षेच्या सकाळचं सूप

स्वयंपाकघराच्या दारातच सुनोकचे पाय थबकले. ओट्यावरच्या पातेल्यात समुद्रशेवाळ भिजत घातलेलं होतं! मूठभर सुकं काळं शेवाळ पाणी पिऊन फुगलं होतं, पातेल्याच्या काठाबाहेर डोकावत होतं... आणि उद्या सकाळी तिची कॅल्क्युलसची शेवटची परीक्षा होती.

उद्या तिचा वाढदिवसही होता, हे खरं. वाढदिवसाला शेवाळाचं सूप कोरियातल्या कोणत्या घरात होत नाही? पण परीक्षेच्या सकाळी ते बुळबुळीत सूप पोटात गेलं की शिकलेलं सगळं घसरून जातं, हे दायगू शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. आईला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! तिला तर ते नको तितकं ठाऊक होतं...

अठरा वर्षांची सुनोक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला निघाली होती, त्या सकाळीही आईने तिच्यापुढे हेच सूप ठेवलं होतं. तेव्हा वाढदिवस कुणाचाच नव्हता. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं, धाकटा ग्युहो शाळेत होता, आणि घरातून एकालाच शिकता येईल हे कुणी न बोलताही सगळ्यांना कळून चुकलं होतं. आईने मान वर केली नाही. सुनोकने वाडग्याकडे पाहिलं, आईच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं आणि तिला सारं उमगलं... तिने मुकाट्याने सूप संपवलं, रिकामा वाडगा पुढे केला आणि म्हणाली, "आई, थोडं आणखी वाढ."

संध्याकाळी घरी येऊन तिने 'नाही जमलं' एवढंच सांगितलं. पुढे ग्युहो इंजिनियर झाला. सुनोक कापडगिरणीत लागली, लग्न राहूनच गेलं, केस पांढरे झाले; आणि गिरणी बंद पडल्यावर, बायका नातवंडं खेळवतात त्या वयात, ती विद्यापीठात पोरासोरांच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसली. त्या दिवसापासून आईने विद्यापीठाबद्दल हूं की चूं केलं नव्हतं. त्या अबोल्याने सुनोकचं अंतःकरण आतल्या आत करपत होतं.

"ताई, जरा बाहेर ये!" ग्युहोने हाक मारली. वाढदिवसासाठी तो सोल शहरातून आला होता, पण चेहरा काही वाढदिवसाचा नव्हता. "स्पष्टच बोलतो, राग मानू नकोस. वसंताच्या सत्रात याच विषयात, त्या शिडीच्या गणितापायी नापास झालीस. या वयात कॅल्क्युलस शिकून तुला काय रॉकेट उडवायचंय?"

"उडवेन की! तुझ्याच गच्चीवरून उडवते, चालेल?"

"थट्टा नको गं. आई दिवसभर घरात एकटी असते. पडली-बिडली तर कोण धावणार? आणि परत नापास झालीस म्हणजे?"

सुनोकने वळून पाहिलं. कोपऱ्यात आई लसूण सोलत बसली होती... निदान आज तरी तिने आपली बाजू घ्यावी, एक शब्द बोलावा! पण आई सोलतच राहिली.

"उद्या नापास झाले तर विद्यापीठातून नाव काढून घेते," सुनोक म्हणाली. "मग तुझ्या मनासारखं होऊ दे. पण उद्यापर्यंत मला काही म्हणजे काही बोलायचं नाही."

"शब्द?"

"शब्द."

आईच्या हातातली पाकळी खाली पडली. ती कुणीच उचलली नाही.

सकाळी सुनोक उठली तेव्हा आईचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं, दारापाशी असायची ती तिची चालताना आधाराची ढकलगाडीही नव्हती. देवळात गेली असेल. शेगडीवर पातेलं झाकून ठेवलेलं होतं, अजून कोमट होतं, आणि तिळाच्या तेलाचा तो ओळखीचा वास घरभर पसरला होता. सुनोकने झाकणाला हात लावला आणि काढून घेतला. 'नाही आई... तेव्हाचं मी ग्युहोसाठी खाल्लं. आजची सकाळ माझी आहे!' एक उकडलेलं रताळं कोटाच्या खिशात टाकून ती निघाली.

बसमध्ये तिने डोळे मिटून ते शिडीचं गणित पुन्हा मांडलं. भिंतीला शिडी टेकवली आहे, तिचा पाय कुणीतरी ओढतो आहे, तर या क्षणाला वरचं टोक किती वेगाने खाली येतं आहे? याच गणिताने वसंतात तिचा घात केला होता. आणि तरीही या विषयावर तिचा जीव जडला होता! एका क्षणात किती बदलतं, हे विचारणारं कुणी असतं हेच तिला पहिल्या तासाला नवल वाटलं होतं. तिचं अख्खं आयुष्य एका सकाळी बदललं होतं, आणि घरात कधी कुणी त्याबद्दल विचारलं नव्हतं.

विद्यापीठाच्या गेटपाशी घोळका जमला होता. वर्गातली दाओन धावत आली. "मावशी, लवकर या! एक आजी गेटला यॉत चिकटवतायत आणि वॉचमनशी भांडतायत!"

यॉतची ती चिकट गोड कांडी! प्रवेशपरीक्षेच्या दिवशी आया ती गेटला चिकटवायच्या, आपलं लेकरू विद्यापीठाला असंच घट्ट चिकटावं म्हणून. सुनोक गर्दीतून पुढे झाली, आणि तिचे डोळे विस्फारले. कापसाच्या जाड जाकिटात वाकलेली तिची आई दगडी खांबावर तळहाताने कांडी दाबत होती.

"अहो आजी, ही काय प्रवेशपरीक्षा आहे का?" वॉचमन काकुळतीला आला होता. "ही पोरांची नेहमीची परीक्षा! खांब खराब होतोय, काढा ते."

"तुझा खांब मी चाटून स्वच्छ करीन रे बाबा! पण माझी पोर बाहेर येईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही."

"कुठाय तुमची पोर?"

आईने बोट दाखवलं. सगळ्या घोळक्याने वळून पांढऱ्या केसांच्या त्या पोरीकडे पाहिलं. कुणीतरी खुदकन हसलं, मग कुणीच हसेना.

"आई... एवढ्या थंडीत!"

"मीच घसरवलं गं तुला!" आईचा बांध फुटला. "उघड्या डोळ्यांनी, या हातांनी! वसंतातसुद्धा त्या जुन्या सुपानेच घसरलीस, त्याचा दोष अजून उतरला नाही. कोणत्या तोंडाने विचारणार होते मी, पोरी, अभ्यास कसा चाललाय म्हणून? त्या दिवशी सगळ्यांच्या आया गेटवर होत्या... तुझी नव्हती. आज आलेय."

"आणि पातेल्यातलं सूप?"

"ते परीक्षेनंतरचं!" आईने ढकलगाडीतल्या थर्मासवर थाप मारली आणि डोळे पुसत फणकारली, "तू मला समजतेस तरी काय?"

मग यॉतचा एक तुकडा तिने लेकीच्या तोंडात घातला. "चावू नकोस. चिकटू दे."

प्रश्नपत्रिका उघडली आणि सुनोकला हसूच आलं. तिसऱ्या प्रश्नात तीच शिडी, भिंतीवरून घसरणारी! 'घसर बाई, तुला किती घसरायचं ते,' ती मनात म्हणाली आणि पेन सरसावलं. वसंतात उत्तराआधीचं वजाचं चिन्ह सुटलं होतं. या वेळी तिने ते ठसठशीत काढलं, कारण टोक खाली येतं आहे हे ते चिन्हच सांगतं. गालात यॉत विरघळत होतं, हात थांबत नव्हता. वेळ संपल्याची सूचना झाली तेव्हा शेवटची ओळ लिहून झाली होती.

बाहेर बाकावर आई थर्मास मांडीवर धरून बसली होती. तिने वाडग्यात सूप ओतलं. सुनोकने एक घोट घेतला, आणि इतकी वर्षं गिळलेलं तेव्हाच बाहेर आलं.

"आई, तुझ्या सुपाने मी घसरले नव्हते. त्या प्रवेशपरीक्षेला मी बसलेच नव्हते. गेटपर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले."

आई तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे... जाणूनबुजून? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर तू मला सोडून ग्युहोला शिकू दिलं असतंस?"

आईने लेकीचं डोकं छातीशी ओढून घेतलं, आणि दोघी हुंदके देऊन रडल्या. मग आईने नाक पुसलं आणि हात पुढे केला. "फोन लाव त्याला."

फोन लागताच ती कडाडली, "ग्युहो, कालचा तुमचा तो शब्द-बिब्द मला मान्य नाही! पास होवो, नापास होवो, माझी पोर वसंतात वर्गात जाणार. पुन्हा नापास झाली तर पुन्हा बसेल. मी दिवसा गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या विरंगुळ्याच्या खोलीत पत्ते कुटेन, तुला काय करायचंय? आणि ऐक... तुझी ताई प्रवेशपरीक्षेत नापास झालीच नव्हती रे. तू शिकावास म्हणून ती परीक्षेच्या गेटवरून परत फिरली होती."

पलीकडून घोगरा स्वर आला, "ताईला दे."

"बोल," सुनोक म्हणाली.

"ताई... मला काही माहीत नव्हतं गं..." त्याने नाक ओढलं. मग त्याने विचारलं, "ते शिडीचं गणित... आलं का?"

"आलं. वजासकट!"

रडता रडता तो हसला. सुनोकने फोन आईच्या जाकिटाच्या खिशात सरकवला. गेटच्या खांबावर यॉत अजून घट्ट चिकटलेलं होतं, आणि वॉचमन त्याच्याकडे पाठ करून उभा होता. तिने वाडगा तळापर्यंत संपवला, दोन्ही हातांनी आईपुढे धरला आणि म्हणाली,

"आई, थोडं आणखी वाढ."